लक्ष्मणफळाची अर्धी गोष्ट छापलीत, उरलेली अर्धी पण छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या आरोग्य पुरवणीत 'कॅरिबियन बेटांवरच्या चमत्कारी वनस्पती' असा पानभर लेख आला होता. त्यात लक्ष्मणफळाच्या (सीताफळाच्याच कुळातलं फळ) पानांचा काढा कॅन्सरवर, सदाफुलीची पानं शुगरवर, रानकारल्याचा चहा रक्तशुद्धीला, असं सगळं एका दमात सांगून टाकलंय आणि शेवटी नेहमीचं ते वाक्य, की तिथले लोक पिढ्यानपिढ्या हे घेतायत आणि साइड इफेक्ट काहीच नाही. मी साताऱ्यात मेडिकल चालवायचो, आता मुलगा बघतो, मी संध्याकाळी काउंटरवर बसतो एवढंच. तर त्या लेखाचं कात्रण घेऊन लोक दुकानात यायला लागलेत, कात्रण कमी आणि व्हॉट्सॅपवरचा फोटो जास्त, म्हणून हे पत्र लिहितोय. लांबलंय थोडं. जागेअभावी कापायचं झालं तर पुढचं-मागचं काहीही कापा पण लक्ष्मणफळाबद्दलचा ग्वादलूप बेटाचा भाग तेवढा राहू द्या.

आपल्याला वेस्ट इंडिज म्हटलं की क्रिकेट. १९७१ ला गावसकरने पहिल्याच सिरीजमध्ये ७७४ रन काढले ती बेटं, एवढीच आपली ओळख, त्यामुळे तिथली झाडं म्हणजे काहीतरी घनदाट जंगलातलं दुर्मिळ प्रकरण असणार असं वाचणाऱ्याला वाटतं आणि लेखात पण तसंच रंगवलंय. प्रत्यक्षात निम्मी झाडं तुमच्या-आमच्या गॅलरीत आणि सोसायटीच्या कंपाउंडला आहेत हो. जमैकात ताप आला की 'फीवर ग्रास' उकळून देतात तो आपला गवती चहा. 'लीफ ऑफ लाइफ' म्हणजे पानफुटी, ते लोक सर्दी-कफावर देतात, आपल्याकडे मुतखड्यावर सांगतात. त्रिनिदादमध्ये ताप-खोकल्याला 'शँडिले'चा काढा करतात ती दीपमाळ, पडीक जागेत उगवते बघा, नारिंगी फुलांचे काटेरी गोंडे एकावर एक असलेली. जमैकाची सेरसी म्हणजे रानकारल्याचा वेल, तिच्या टी-बॅग तिथे सुपरमार्केटमध्ये मिळतात. त्रिनिदादमध्ये त्याच कारल्याला कराईली म्हणतात कारण तिथे आपलेच लोक गेलेत, ३० मे १८४५ ला 'फतेल रझाक' नावाचं पहिलं जहाज लागलं आणि १९१७ पर्यंत जवळपास दीड लाख मजूर गेले. मराठी माणूस त्यात फारसा नव्हता, बहुतेक बिहार आणि आताच्या युपीकडचे, कलकत्त्याहून जहाजात बसलेले. ऊस तोडायला गेले आणि तुळस, कडुनिंब, हळद तिथल्या अंगणात लागली. आजसुद्धा तिथे लहान मुलाला नजर लागली की नारळाच्या हिरांच्या झाडूने ती उतरवतात. आणि ऑगस्टअखेर शाळा उघडायच्या आधी मुलांना धरून एरंडेल किंवा सोनामुखी पाजून पोट साफ करायचं ही तर तिथल्या सगळ्याच जातीधर्माच्या घरातली पद्धत होती. आमच्या पिढीतल्या कुणाला ह्यात परकं काही वाटेल असं मला वाटत नाही, नाक दाबून एरंडेल पाजलेलं कोण विसरलंय.

उष्ण-थंडाचं गणित पण तसंच. त्रिनिदादमध्ये अंगातली उष्णता उतरवायला 'कूलिंग' घेतात, दोन-तीन दिवस साधे पाल्याचे काढे आणि मग जुलाब. उन्हातून किंवा चुलीपुढून उठून लगेच पाण्यात हात घालायचा नाही असं तिथली आजी पण सांगते.

पण हे औषध-पाणी तयार कसं झालं ते लेखात कुठेच नाही, आणि मला वाटतं घोळ तिथूनच सुरू होतो. हे काही निवांत बसून निसर्गाशी नातं जोडणाऱ्या लोकांचं शास्त्र नाहीये. आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम साखरेच्या मळ्यांवर मरेस्तोवर राबत होते, गोरा डॉक्टर कधीतरी घोड्यावरून चक्कर मारायचा आणि रक्त काढून जायचा, त्यामुळे जे काय आहे ते आपल्याच बायकांनी पाल्या-मुळ्यांतून शोधायचं. काही आठवणी आफ्रिकेतल्या, काही तिथल्या मूळ लोकांकडून शिकलेल्या, काही युरोपातून आलेल्या, आणि सगळ्यात शेवटी आपली हळद. ह्या बायकांना जमैकात 'डॉक्ट्रेस' म्हणायचे. १७८० साली नेल्सन, तोच तो इंग्रजांचा आरमारवाला, तापाने मरायला टेकला होता तेव्हा पोर्ट रॉयलमध्ये क्यूबा कॉर्नवॉलिस नावाच्या अशाच एका बाईने त्याची शुश्रूषा केली. क्रिमियाच्या युद्धात सैनिकांची शुश्रूषा करून गाजलेल्या मेरी सीकोलची आई पण किंग्स्टनची डॉक्ट्रेसच. आणि दुसरीकडे १७६० मध्ये गुलामांचं बंड झाल्यावर जमैकात 'ओबिया'वर, म्हणजे गुलामांच्या मंत्रतंत्र आणि जडीबुटीवर, बंदीचा कायदा आला, म्हणजे जडीबुटी करणारा माणूस सरकारदरबारी संशयितच. मालकांना भीती होती विषाची. भीती अगदीच खोटी होती असंही नाही, कारण ज्याला औषध कळतं त्याला विष पण कळतं.

ह्यातली एक गोष्ट सांगतो, शंकासुराची. आपल्याकडे रस्त्याच्या दुभाजकात, शाळेच्या कुंपणाला लाल-पिवळी फुलं येणारं ते झुडूप. मारिया सिबिला मेरियन नावाची एक जर्मन चित्रकार बाई किडे आणि फुलपाखरं रंगवायला १६९९ मध्ये सुरीनामला गेली होती (सुरीनाम बेट नाही, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर आहे, पण मळे तेच, गुलाम तेच). तिने १७०५ मध्ये छापलेल्या पुस्तकात ह्या झाडाच्या चित्राशेजारी लिहून ठेवलंय की डच मालकांच्या जाचाला कंटाळलेल्या गुलाम बायका ह्याचं बी खाऊन गर्भ पाडतात, का तर आपलं पोर गुलाम म्हणून जन्माला येऊ नये. वाचल्यावर दोन मिनिटं काही सुचत नाही. आता ह्याला तुम्ही 'चमत्कारी वनस्पती' ह्या मथळ्याखाली कसं बसवणार सांगा. त्या बायकांना बरोबर माहीत होतं की हे बी जहाल आहे, म्हणून तर त्या वापरत होत्या. साइड इफेक्ट नाही असं त्या कधीच म्हणाल्या नसत्या.

आता सदाफुली. ही मूळची मादागास्करची, पण जमैकात इतकी रुजली की तिथल्या लोकांनी तिचा चहा डायबिटीसवर घ्यायला सुरुवात केली. १९५२ मध्ये ब्लॅक रिव्हर गावच्या डॉक्टर जॉन्स्टन ह्यांनी लिफाफ्यात घालून पंचवीस पानं कॅनडातल्या डॉक्टर क्लार्क नोबल ह्यांना पाठवली, की बघा बाबा आमचे पेशंट हे घेतात. हे क्लार्क नोबल म्हणजे इन्शुलिनच्या शोधात डॉक्टर बँटिंगचा मदतनीस कोण व्हायचं ह्यासाठी बेस्ट नावाच्या दुसऱ्या विद्यार्थ्याबरोबर नाणं उडवलं आणि हरले असं सांगतात ते. ते तोवर रिटायर झाले होते, त्यांनी ती पानं वेस्टर्न ऑन्टारिओ युनिव्हर्सिटीत आपल्या भावाकडे, रॉबर्ट नोबलकडे दिली. तिथे उंदरांना अर्क देऊन बघितला, तोंडाने दिला तर साखरेवर काही नाही, टोचून दिला तरी साखर जागच्या जागी, पण उंदीर मरायला लागले. का मरतायत म्हणून शोधलं तर त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी ढासळल्या होत्या आणि साध्या इन्फेक्शनने ते जात होते. शास्त्रज्ञ हुशार, त्यांनी विचार उलटा फिरवला, की ज्या रोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात तिथे हे चालेल. त्यातून १९५८ ला विनब्लास्टिन निघालं, मागोमाग अमेरिकेतल्या कंपनीने विनक्रिस्टिन काढलं, ते १९६३ पासून लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरवर वापरात आहे आणि आजही आहे. एक ग्रॅम औषध काढायला शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. डोस मिलिग्रॅममध्ये, शिरेतून, दर वेळी रक्त तपासून.

तुमच्या लेखात ह्यातलं काय घेतलंय? 'सदाफुलीपासून कॅन्सरचं औषध बनतं, म्हणून रोज सकाळी चार पानं चावून खा, शुगर आटोक्यात राहील.' अहो, शुगरवर काही होत नाही हेच तर त्या प्रयोगात निघालं ना! आणि जे होतं ते पांढऱ्या पेशींना होतं.

आमचे एक नेहमीचे गिऱ्हाईक आहेत, एसटीतून रिटायर झालेले. परवा येऊन म्हणाले मेटफॉर्मिनची, म्हणजे शुगरच्या गोळीची, अर्धीच स्ट्रिप दे. का हो, तर शर्टाच्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढून काउंटरवर ठेवली, आत धुऊन पुसून घेतलेली सदाफुलीची पानं, एकसारखी निवडलेली, देठ खुडलेले, आणि वर जांभळी फुलं. म्हणाले चावलं की तोंड असं कडू होतं की तासभर काही गोड लागत नाही, म्हणजे साखर जिरतेच की. माणूस अजिबात अडाणी नाही, रोज पेपर वाचतो, तुमचाच वाचतो. त्यांना मी म्हटलं गोळी पूर्ण घ्या आणि डॉक्टरांना विचारून एक सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी, करून घ्या. तोंडाने खाल्लेल्या पानातून अंगात नक्की किती उतरतं ह्याचा काही भरवसा नाही, एखाद्याला वर्षभर काही होणार नाही, एखाद्याचा काउंट उतरेल. अडचण तीच आहे, गोळीवर निदान पाचशे एमजी असं छापलेलं तरी असतं.

आता ग्वादलूप. हे फ्रेंचांचं बेट, तिथे लक्ष्मणफळाला कोरोसोल म्हणतात, फळाचं ज्यूस पितात आणि पानांचा काढा रात्री झोप लागावी, मन शांत व्हावं म्हणून घेतात. म्हणजे तुमच्या लेखात सांगितलंय तेच लोक आणि तोच काढा. तिथल्या न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदूच्या डॉक्टर, कापारो-लफेव्र ह्यांच्या लक्षात आलं की पार्किन्सन्सचे (हात थरथरतात, हालचाल मंदावते तो मेंदूचा आजार) पेशंट जरा वेगळेच दिसतायत. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' ह्या डॉक्टरी नियतकालिकात त्यांनी छापलं, ८७ पेशंट बघितले तर नेहमीचा पार्किन्सन्स फक्त २२ जणांना. बाकी बहुतेकांना जो प्रकार होता त्यात तोल जातो, माणूस मागे पडतो, नजर वर-खाली होत नाही, बुद्धी मंदावते आणि लेव्होडोपाची गोळी, जी पार्किन्सन्सवर रामबाण म्हणतात, ती लागू पडत नाही. युरोपात हा प्रकार एवढ्या प्रमाणात दिसत नाही. ह्या पेशंटांच्या खाण्या-पिण्यात कोरोसोलचं फळ आणि पानांचा काढा जास्त होता. पुढे लॅबमध्ये ह्या फळात, पानात अ‍ॅनोनासिन सापडलं. ते पेशीची ऊर्जा तयार करणारी यंत्रणाच बंद पाडतं. उंदरांना शिरेतून दिलं तर मेंदूत नेमक्या त्याच प्रकारच्या जागी इजा झाली. एका फळात साधारण १५ मिलिग्रॅम निघालं, आणि हिशोब असा मांडला की रोज एक फळ वर्षभर खाल्लं तर उंदरांना इजा झाली त्या प्रमाणाइतकं पोटात जातं.

इथे मी पण अर्धंच सांगायला नको. फळानेच हा रोग होतो असं शंभर टक्के सिद्ध झालेलं नाही, संबंध दिसलाय, उंदरातला पुरावा आहे, माणसातला वाद चालू आहे. वर्षातून चार फळं खाणाऱ्याने घाबरायचं काही कारण नाही, आणि सीताफळाच्या सीझनमध्ये सीताफळ सोडा असं तर मी मुळीच म्हणत नाहीये, मीच सोडणार नाही. पण रोज सकाळ-संध्याकाळ पानांचा काढा, तोही महिनोन्महिने, तोही आधीच आजारी माणसाला, हे म्हणजे नेमकं ग्वादलूपला झालं तेच. आणि कॅन्सरच्या पेशी मरतात म्हणून जो उदोउदो चाललाय तो काचेच्या बशीतल्या पेशींवरच्या प्रयोगांचा आहे, माणसांवर ट्रायल होऊन सिद्ध झालेलं काही नाही. पेशीची ऊर्जा बंद करणाऱ्या पदार्थाला ही कॅन्सरची आणि ही मेंदूची असं ओळखता येत नाही. आमच्याकडे लक्ष्मणफळाची पावडर, कॅप्सूल, वाळलेली पानं सगळं विकायला माणसं येऊन गेलीत, मार्जिन पण झकास देतात. केमो अर्धवट सोडून पानं उकळत बसलेली घरं मी बघितलीत, त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

आणि हे पहिल्यांदा झालंय असं पण नाही. १९५०च्या आसपास जमैकात गरीब घरातली लहान मुलं पोट फुगून, लिव्हर सुजून दवाखान्यात यायची, कित्येक दगावली. ब्रास, जेलिफ आणि स्टुअर्ट ह्या डॉक्टरांनी १९५४ मध्ये ह्या आजारावर लिहिलं. लिव्हरमधल्या बारीक शिरा बंद पडत होत्या आणि त्यामागे होता 'बुश टी', म्हणजे घरोघरी आजारी मुलाला देतात तो पाल्याचा काढा. काही काढ्यांत क्रोटलारिया जातीची पानं असायची, आपल्याकडे वाळलेली शेंग वाजते म्हणून मुलं खेळतात तो खुळखुळा किंवा घागरी, त्याच कुळातली. आईने प्रेमाने दिलेला काढा, वर्षानुवर्षं घरात चालत आलेला. तिथे लोकांना समजावून सांगितलं तसे पेशंट कमी होत गेले. आणि आपल्याकडे? १९७५-७६ मध्ये सरगुजा जिल्ह्यात, तेव्हाच्या मध्य प्रदेशात, गोंडली नावाच्या बारीक धान्यात ह्याच क्रोटलारियाचं बी मिसळलं गेलं आणि गावंच्या गावं अगदी तशाच लिव्हरच्या आजाराने पडली. तेव्हा 'तिकडचं झाड' आणि 'इकडचं झाड' असं काही नसतं.

एवढं वाचून कुणाला वाटेल म्हातारा गोळ्या विकणारा, त्याला पाला-पाचोळ्याचा राग असणारच. तसं नाही हो. मला राग अर्धवटपणाचा आहे. कॅरिबियनकडून खरंच काही घ्यायचं असेल तर त्यांनी हे प्रकरण कसं हाताळलं ते घ्या. १९८२ पासून तिथे 'ट्रामिल' नावाचं काम चालू आहे, हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधून सुरुवात झाली आणि मग बऱ्याच बेटांवर पसरलं. ते लोक आधी गावात जाऊन घराघरात आईला विचारतात, मुलाला ताप आला, हगवण लागली तर तू पहिल्यांदा काय देतेस, कुठलं पान, ताजं की सुकं, किती, उकळून की नुसतं भिजवून. एखाद्या दुखण्यावर निदान वीस टक्के लोक तेच झाड तसंच वापरत असतील तरच ते पुढे तपासायला घ्यायचं, उगाच एका वैदूने सांगितलं म्हणून नाही. मग केमिस्ट, डॉक्टर, वनस्पतीवाले बसून ठरवतात आणि प्रत्येक वापराला तीनपैकी एक शिक्का मारतात, शिफारस, विषारी, किंवा अजून अभ्यास हवा. शिक्का झाडाला नाही, वापराला, हे लक्षात घ्या. म्हणजे एकाच झाडाचं पान बाहेरून लावायला ठीक आणि पोटात घ्यायला नको असं असू शकतं. आणि तो निकाल परत त्याच गावात नेऊन सांगायचा. मला विचाराल तर सगळ्या चमत्कारी वनस्पतींपेक्षा हा चमत्कार मोठा आहे.

जमैकातच दुसरं उदाहरण, कॅनासोल. तिथले कोळी गांजा रममध्ये मुरवून घ्यायचे आणि सांगायचे की रात्री समुद्रावर डोळ्याला चांगलं दिसतं. गांजा तिथे आपल्याच मजुरांबरोबर पोचला असं मानतात. तिथल्या युनिव्हर्सिटीतले मॅनली वेस्ट आणि डोळ्यांचे डॉक्टर अल्बर्ट लॉकहार्ट ह्यांनी कोळ्यांना हसण्यावारी नेलं नाही, वर्षानुवर्षं काम करून १९८०च्या दशकात काचबिंदूसाठी डोळ्यात घालायचे थेंब बाजारात आणले. पण त्यांनी 'गांजा घ्या, काचबिंदू बरा होईल' असं पेपरात छापलं नाही ना.

तर माझं म्हणणं एवढंच, अशा लेखाला तुम्ही एक चौकट जोडा. झाडाचा कुठला भाग, किती, किती दिवस, पोटात की वरून, आणि कुणी अजिबात घेऊ नये. गरोदर बाईने कारल्याचे काढे पिऊ नयेत. शुगरच्या गोळ्या चालू असताना वर कारल्याचा रस मारला तर साखर एकदम खाली येऊन माणूस चक्कर येऊन पडू शकतो. पानफुटीत हृदयावर काम करणारी द्रव्यं असतात, ऑस्ट्रेलियात ती खाऊन गुरं मेलीत, तेव्हा हार्टच्या औषधावर असलेल्यांनी तिच्या नादी लागू नये. सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी डोक्याला लावताना डोळ्यात गेली तर डोळा जाऊ शकतो, हे तर आपल्याच घरातलं. चौकटीला जागा नाही असं म्हणू नका, त्याच पानावर राशीभविष्य अर्धं पान आहे. आणि लक्ष्मणफळाबद्दल ग्वादलूपची माहिती पुढच्याच पुरवणीत छापा, त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या टायपात, आतल्या पानावर खुलासा म्हणून बारीक अक्षरात नको.

कळावे,
आपला एक जुना वाचक आणि त्याहून जुना केमिस्ट, सातारा

ता. क. : लेखासोबत लक्ष्मणफळ म्हणून जो फोटो छापलाय तो रामफळाचा आहे. लक्ष्मणफळ हिरवं असतं आणि अंगावर मऊ काटे असतात. तुमच्या फोटोतलं फळ तांबूस आणि गुळगुळीत आहे.